जे तुरट, ते टिकतं: स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी कापड रंगवताना

पांढऱ्या कपड्यावर हळदीचा डाग पडला की तो काढताना नाकी नऊ येतात. आणि बीट किसून, उकळून, दोन तास खपून मुद्दाम रंगवलेलं कापड मात्र दुसऱ्याच धुण्यात फिकं पडायला लागतं. नको तिथे रंग चिकटतो आणि हवा तिथे थांबत नाही.

मी हा उद्योग पहिल्यांदा केला तो बीटनंच. अर्धा किलो बीट, एक सुती अभ्रा आणि भरपूर उत्साह. पातेल्यातलं पाणी असं गर्द जांभळट लाल झालं होतं की आता हात धुतले तरी आठवडाभर रंग जाणार नाही असं वाटलं. अभ्रा बाहेर काढला तेव्हा छान गुलाबी होता. खळबळल्यावर फिकट गुलाबी झाला. वाळल्यावर मळकट दिसू लागला, आणि पंधरा दिवसांनी त्याला रंगवलं होतं हे कुणाला सांगायचीही सोय राहिली नाही. गंमत म्हणजे त्या दिवशी ओट्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात मूठभर कांद्याची टरफलं पडलेली होती. टिकाऊ रंग होता तो तिथे.

तेव्हा पहिली गोष्ट ही की पाण्याचा रंग पाहून कापडाच्या रंगाचा अंदाज बांधू नये. पाणी रंगीत होणं आणि धाग्यात रंग बसणं या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिलीला फक्त रंग पाण्यात विरघळावा लागतो. दुसरीसाठी तो विरघळलेल्या अवस्थेत धाग्याच्या आत जायला हवा आणि आत गेल्यावर पुन्हा विरघळून बाहेर येता कामा नये. रंगाऱ्याची सगळी विद्या या अडचणीतून वाट काढण्याची आहे. जो रंग पाण्यासोबत सहज आत जातो तो पुढच्या धुण्यात पाण्यासोबत सहज बाहेरही येतो. मध्ये काहीतरी घडावं लागतं.

आधी कापड कशाचं आहे ते बघा

लोकर आणि रेशीम प्राण्यांकडून येतात. त्यांचे धागे म्हणजे प्रथिनं, आपल्या केसांसारखीच. प्रथिनांच्या साखळीवर जागोजागी असे गट असतात ज्यांना विद्युतभार येऊ शकतो, आणि रंगाचे रेणू तिथे पकडले जातात. म्हणून रेशीम रंग पटकन पितं.

सूत आणि लिनन वनस्पतींकडून येतात. हे धागे सेल्युलोजचे, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांबच लांब माळा. या माळा पाणी भरपूर शोषतात, पण पाण्यातून आलेल्या पाहुण्याला धरून ठेवायला त्यांच्याकडे फारसं काही नसतं. घरात रंगवायला बहुतेक जण सुती कापडच घेतात आणि नेमकं तेच सगळ्यात हट्टी.

पॉलिएस्टर हे प्लास्टिकच आहे. त्याच्या धाग्याला पाण्याचंच वावडं, त्यामुळे स्वयंपाकघरातला कुठलाही रंग त्यावर धड बसत नाही. सुती सदरा रंगवल्यावर शिवण मात्र पांढरीशुभ्र राहिलेली दिसते, त्याचं कारण हेच: शिलाईचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचा असतो. कापडाबद्दल शंका असेल तर दोन-तीन धागे काढून चिमट्यात धरून जाळून पाहावेत. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख उरते. रेशीम-लोकरीला केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याची टणक गोळी होते.

जिभेला आधीच ठाऊक असलेली गोष्ट

आता तो 'मध्ये घडणारा' प्रकार. त्यासाठी रसायनशास्त्राच्या पुस्तकाआधी स्वतःची जीभ आठवा. डाळिंबाच्या सालीचा तुकडा चावला किंवा फार वेळ उकळलेला कोरा चहा घेतला की तोंडात काय होतं? जीभ आखडते, खरखरीत होते. आपण म्हणतो, तुरट लागलं. हे होतं कारण त्या पदार्थातली टॅनिन नावाची द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना घट्ट पकडतात आणि त्यांचा साका करतात. लाळेचा बुळबुळीतपणा गेला की जीभ कोरडी वाटते. तुरट ही चव असण्यापेक्षा चिकटण्याची जाणीव जास्त आहे.

जे द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना धरतं ते रेशमाच्या आणि लोकरीच्या प्रथिनांनाही धरतं. कातडं कमावताना ते कातड्यातल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तर चामडं कुजत नाही. आणि टॅनिनला हात बरेच असतात, त्यामुळे ते सेल्युलोजच्या माळांनाही बऱ्यापैकी बिलगून राहतं. चहाचा डाग सुती टेबलक्लॉथवरून का जात नाही, त्याचं उत्तर इथे आहे.

वनस्पतीच्या बाजूनं पाहिलं तरी हे पटतं. फुलाफळांचे भडक रंग हे बोलावण्यासाठी असतात: या, परागकण न्या, फळ खा, बी पसरवा. काम झालं की ते गेले तरी चालतं. सालीतली तुरट द्रव्यं मात्र राखणदारीसाठी असतात. बुरशी, कीड, चरणारं जनावर, जो कोणी येईल त्याच्या प्रथिनांना चिकटून त्याचा बेत बिघडवणं हे त्यांचं काम. चिकटणं हाच ज्यांचा धंदा ती द्रव्यं कापडावर टिकली तर त्यात नवल कसलं? म्हणून रंगवायला बसताना गर काढून ठेवावा आणि साल, टरफल, कोय गोळा करावी. पिशवी भरत जाते आणि ती काही भारी दिसत नाही, हे खरं.

तुरटीचं काम

रोमन लेखक प्लिनी इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावला. त्यानं लिहून ठेवलेल्या ज्ञानकोशवजा ग्रंथात इजिप्तमधल्या रंगाऱ्यांची एक करामत नोंदवली आहे. ते पांढऱ्या कापडावर काही औषधं लावत. ती लावलेली दिसतसुद्धा नसत. मग कापड उकळत्या रंगाच्या कढईत बुडवून काढलं की ते चितारल्यासारखं होऊन बाहेर येई. कढईत रंग एकच, कापडावर मात्र अनेक, आणि ते धुऊन जात नसत. प्लिनीला याचं फार आश्चर्य वाटलं. आपल्यालाही वाटायला हरकत नाही, पण त्यामागची युक्ती आज माहीत आहे.

ती औषधं म्हणजे धातूंचे क्षार होते. त्यांना रंगबंधक म्हणतात. घरात वापरण्याजोगा आणि सर्वांत सौम्य रंगबंधक म्हणजे तुरटी, पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचा जोडक्षार. पाण्यात विरघळली की तुरटीतलं ॲल्युमिनियम मोकळं होतं. त्याचा एक हात धाग्याला धरतो, दुसरा रंगाच्या रेणूला. तिघं मिळून जे संयुग तयार होतं ते पाण्यात विरघळत नाही. रंग आत शिरला तेव्हा विरघळलेला होता, आत गेल्यावर त्याचं विरघळणं बंद झालं. सुरुवातीला सांगितलेली अडचण अशी सुटते.

धातू बदलला की तोच रंग वेगळा दिसतो, कारण डोळ्याला दिसणारा रंग त्या जोडीचा असतो, एकट्या रंगद्रव्याचा नसतो. कांद्याचं एकच पाणी तुरटी लावलेल्या कापडावर सोनेरी पिवळं चढतं आणि लोह लावलेल्या कापडावर शेवाळी हिरवं. प्लिनीच्या कढईतलं कोडं हेच. युक्ती त्याच्याही पूर्वीची आहे. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेले सुती कापडाचे अवशेष सापडले, त्यांवर मंजिष्ठेचा लाल रंग होता. मंजिष्ठा सुतावर पक्की बसायला रंगबंधक लागतोच. म्हणजे चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कुणालातरी हे जमत होतं.

एक शब्दाची गंमत. रंगबंधकाला युरोपीय भाषांत मॉर्डंट म्हणतात, त्याच्या मुळाशी 'चावणं' आहे: हा क्षार धाग्याचा चावा घेऊन बसतो अशी कल्पना. मराठीनं त्या क्षाराचं नावच चवीवरून ठेवलं. तुरटीही जिभेवर ठेवली तर लाळेच्या प्रथिनांचा साका करते. शास्त्र कळण्याआधी भाषेनं टॅनिनला आणि तुरटीला एकाच पंगतीत बसवलं होतं.

आणि सुती कापडासाठी या दोघांना खरोखरच एका पंगतीत बसवावं लागतं. तुरटीतलं ॲल्युमिनियम सेल्युलोजला एकट्यानं नीट धरत नाही. म्हणून आधी कापडाला टॅनिन पाजायचं, मग तुरटी. टॅनिन धाग्याला बिलगतं, ॲल्युमिनियम टॅनिनला, आणि रंग ॲल्युमिनियमला. रेशीम आणि लोकरीला पहिली पायरी लागत नाही.

स्वयंपाकघरात कोण कामाचं, कोण नाही

कांद्याची कोरडी, कागदासारखी टरफलं यात पहिली येतात. त्यांत क्वेर्सेटिन नावाचं पिवळं रंगद्रव्य भरपूर असतं, आतल्या गरापेक्षा कितीतरी जास्त. ॲल्युमिनियमशी त्याची जोडी फार छान जमते. तुरटीवर सोनेरी ते नारिंगी, लोहावर शेवाळी. लाल कांद्याच्या टरफलांत क्वेर्सेटिनच्या सोबतीला लालसर रंगही असतो, त्यामुळे पाणी तांबूस निघतं, पण टिकतो तो मुख्यतः पिवळा. अडचण एकच, टरफलं अतिशय हलकी असतात. शंभर ग्रॅम जमवायची म्हणजे मोठी पिशवी ठासून भरते. रोजची टरफलं कोरडी करून कापडी पिशवीत टाकत राहावं. ती खराब होत नाहीत.

डाळिंबाची साल दुहेरी कामाची. एकटी वापरली तर मोहरीसारखा पिवळा देते, लोहाबरोबर हिरवट राखाडीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत जाते. आणि ती टॅनिननं इतकी भरलेली असते की दुसरा रंग चढवण्याआधीचं अस्तर म्हणूनही चालते. वाळवून ठेवली तर महिनोनमहिने राहते.

चहा खाकी-तपकिरी छटा देतो, कॉफी त्याहून फिकट. दोन्ही भरवशाचे आणि थोडे कंटाळवाणे. जुनाट दिसणारं कापड हवं असेल तर चहासारखं दुसरं काही नाही. वापरून झालेली पूडही चालते, फक्त बरीच लागते.

ॲव्होकॅडोची कोय आणि साल हा मला मनापासून आवडलेला प्रकार. हिरवट-पिवळ्या फळाची ती तपकिरी कोय मंद आचेवर तासभर ठेवली की पाणी हळूहळू गुलाबी, मग विटकरी होतं. कारण पुन्हा तेच, कोय तुरट द्रव्यांनी भरलेली असते. बीटकडून जो गुलाबी मागितला होता तो शेवटी इथे मिळाला. पाण्यात चिमूटभर सोडा टाकला तर तो आणखी लालीकडे झुकतो.

आता फसवे मित्र. बीटमधलं बीटानिन पाण्यात झकास विरघळतं, पण उष्णता, उजेड आणि हवा या तिघांपुढेही टिकत नाही. म्हणजे आपण उकळतो तेव्हाच ते मोडायला लागलेलं असतं. लाल कोबीतलं अँथोसायनिन आंबटात लालसर, सोड्यात निळं-हिरवं होतं. शाळेतल्या प्रयोगासाठी सुंदर, पण ज्या कापडाचा रंग घामानं आणि साबणानं बदलतो ते घालणार कोण? काळ्या घेवड्याचं थंड पाणी निळसर राखाडी रंग देतं आणि तो पहिल्या दिवशी मोहात पाडतो. तोही याच कुळातला. पालकातलं हरितद्रव्य पाण्यात विरघळतच नाही, आणि शिजवताना त्यातलं मॅग्नेशियम निघून गेलं की हिरव्याचं मळकट शेवाळी होतं. भाजी जास्त शिजवल्यावर दिसतो तोच रंग. टोमॅटोचं लायकोपीन आणि गाजराचं कॅरोटीन तेलात विरघळणारे. म्हणूनच टोमॅटोचं कालवण ठेवलेला प्लास्टिकचा डबा कायमचा केशरी होतो आणि टोमॅटोच्या पाण्यात बुडवलेलं सूत मात्र कोरं राहतं. डबा तेलाच्या स्वभावाचा, सूत पाण्याच्या.

आणि हळद? ती कुठल्याच रांगेत नीट बसत नाही. तिच्यातलं कर्क्युमिन पाण्यात जेमतेम विरघळतं, पण त्याचा रेणू लांबट, चपटा, सेल्युलोजच्या माळेला समांतर पडून राहण्याजोगा आहे. त्यामुळे सुतावर ते तुरटीशिवायही बसतं, धुण्यातही बऱ्यापैकी तग धरतं. त्याचा शत्रू पाणी नाही, ऊन आहे. उन्हात कर्क्युमिन मोडतं. हळदीचा डाग पडलेलं कापड ओलं करून उन्हात टाकावं, ही सूचना शंभर टक्के शास्त्रशुद्ध आहे. साबण लावल्यावर डाग लालभडक होतो तेही याच रेणूचं वागणं: अल्कधर्मी पाण्यात त्याचा रंग बदलतो, आंबट पाण्यात पुन्हा पिवळा होतो. हळदीनं जरूर रंगवा, पहिल्याच फटक्यात असा लख्ख पिवळा दुसरं कुणी देत नाही. फक्त ते कापड खिडकीच्या पडद्यासाठी वापरू नका.

प्रत्यक्ष करताना

समजा, सुती कापड कांद्याच्या टरफलांनी रंगवायचं आहे. सगळी मापं कोरड्या कापडाच्या वजनावर ठरतात, पाण्याच्या नव्हे. मी शंभर ग्रॅम कापडाचा हिशेब देते. पातळ सुती टी-शर्ट साधारण दीडशे ग्रॅम भरतो, त्याप्रमाणे वाढवा. पाणी कापड मोकळं फिरेल इतकं, बस.

पहिलं काम धुलाई, आणि इथेच बहुतेकांचा प्रयोग फसतो. नवं कापड स्वच्छ दिसलं तरी त्यात खळ असते, शिवाय कापसाचा स्वतःचा मेणचटपणा असतो. त्यावरून रंग ओघळतो आणि डागडाग उठतात. दोन-तीन ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा डिटर्जंट घालून कापड तासभर मंद उकळीवर ठेवावं. खायचा सोडा नव्हे, धुण्याचा. पांढऱ्या कापडातून चहासारखं पाणी निघालेलं पाहिलं की पायरीची किंमत कळते. शेवटी थेंब टाकून पाहावा. तो लगेच पसरून शोषला गेला तर कापड तयार, मोत्यासारखा बसून राहिला तर पुन्हा एकदा.

मग टॅनिन. वाळलेली डाळिंबाची साल तीस ग्रॅम किंवा चहाची पूड वीस-पंचवीस ग्रॅम तासभर उकळून गाळून घ्यावी आणि त्या कोमट पाण्यात कापड दोन तास किंवा रात्रभर बुडवून ठेवावं. याचा पिवळसर-तपकिरी झाक येतोच, त्यावर पुढचा रंग चढणार आहे हे लक्षात ठेवावं. नंतर पिळून काढायचं, खळबळत बसायचं नाही.

पुढे तुरटी. पंधरा ग्रॅम तुरटी कुटून गरम पाण्यात विरघळवावी. दोन ग्रॅम धुण्याचा सोडा वेगळ्या वाटीत विरघळवून त्यात हळूहळू ओतावा. फेस येतो, तो कार्बन डायऑक्साइडचा, घाबरू नये, पण भांडं मोठं घ्यावं. तुरटीचं पाणी आम्ल असतं, सोड्यानं ते आम्ल मोडतं आणि ॲल्युमिनियम सुताला धरायला जास्त राजी होतं. कापड यात रात्रभर. सकाळी एकदाच साध्या पाण्यातून काढावं.

तिसऱ्या दिवशी कुठे खरा रंग. पन्नास ते शंभर ग्रॅम टरफलं तासभर मंद आचेवर शिजवून गाळावीत. गाळणं महत्त्वाचं, नाहीतर टरफल जिथे चिकटेल तिथे गडद ठिपका. ओलं केलेलं कापड त्यात सोडायचं. कोरडं टाकलं तर रंग पट्ट्यापट्ट्यांनी चढतो. उकळी फुटू न देता तासभर ठेवावं, अधूनमधून वरखाली करावं आणि आच बंद करून त्याच पाण्यात थंड होऊ द्यावं. ओलं कापड नेहमी दोन छटा गडद दिसतं, तेव्हा मनातल्या रंगापेक्षा थोडं जास्तच चढू द्यावं. सावलीत वाळवून चार-पाच दिवस तसंच ठेवावं, मगच सौम्य डिटर्जंटनं धुवावं. सोडायुक्त साबण नको.

रेशीम किंवा लोकर असेल तर सोडा हातात घेऊ नका, अल्कली प्रथिनांना खाते. टॅनिनची पायरी गाळा, तुरटी दहा-पंधरा ग्रॅम, आणि पाणी ऐंशी अंश सेल्सिअसच्या आत. लोकर गरम पाण्यातून एकदम गारात टाकली की आटून नमदा होते.

एक आडवाट आहे, सोयाबीनच्या दुधाची. सुती कापड पातळ सोया दुधात बुडवून वाळवायचं, असं दोन-तीनदा करून काही दिवस ठेवून द्यायचं. दुधातलं प्रथिन धाग्याभोवती लेप धरतं आणि सूत थोडंफार रेशमासारखं वागू लागतं. रंग छान चढतो. पण तो लेपावर बसलेला असतो, तेव्हा तुरटीची बरोबरी नाही.

लोह जपून

शेवाळी, राखाडी, काळपट छटा हव्या असतील तर लोह. गंजलेले खिळे पाणी आणि व्हिनेगरच्या मिश्रणात आठ-पंधरा दिवस ठेवले की तांबूस पाणी तयार होतं. बाटलीचं झाकण सैल ठेवावं, आत वायू होतो. रंगवून झालेलं कापड कोमट पाण्यात या द्रावणाचे एक-दोन चमचे घालून बुडवलं की डोळ्यांदेखत रंग गडद होतो. पाच-दहा मिनिटं पुरेत. हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, वापरलात तर शंभर ग्रॅम कापडाला एक-दोन ग्रॅम.

टॅनिन आणि लोह मिळून होणारा काळा म्हणजे जुन्या काळच्या लिहिण्याच्या शाईचा काळा. त्या शाईनं लिहिलेल्या कित्येक जुन्या हस्तलिखितांत अक्षरांच्या जागी कागद खाल्लेला दिसतो. लोह जास्त झालं की कापडाचंही तेच होतं: रंग टिकतो, धागा कुजतो.

मीठ आणि व्हिनेगर

रंगवलेलं कापड मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवा म्हणजे रंग पक्का होतो, असं सर्रास सांगितलं जातं. या सल्ल्याचा उगम कृत्रिम रंगांत आहे. सुतासाठीच्या काही कृत्रिम रंगांना मीठ खरंच मदत करतं, ते पाण्यातल्या धाग्याचा आणि रंगाचा परस्परांना ढकलणारा ऋणभार झाकतं. लोकर-रेशमावरच्या आम्ल रंगांना व्हिनेगर लागतं. १८५६ मध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किननं लंडनमध्ये क्विनीन बनवण्याच्या नादात चुकून जांभळा रंग बनवला, आणि त्यानंतर पाऊणशे वर्षांच्या आत डब्यातल्या कृत्रिम रंगांनी घरचे रंग जवळपास हटवले. वस्तू बदलली, सल्ला मात्र उलट दिशेनं प्रवास करून कांद्याच्या पातेल्यात येऊन बसला. कांद्याच्या रंगाला लागणारा, एका हातानं धागा आणि दुसऱ्यानं रंग धरणारा धातूचा दुवा मिठात नाही; त्यातलं सोडियम एकट्या हाताचं. व्हिनेगर तर चढलेलं ॲल्युमिनियम थोडं सोडवूही शकतं.

भांडी, आणि न मिळणारे रंग

पातेलं स्टीलचं किंवा न टवके उडालेल्या एनॅमलचं घ्या. लोखंडी, तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यातून धातू उतरतो आणि तुम्ही न ठरवलेली छटा येते. एकदा रंगाला घेतलेलं भांडं, गाळणी आणि डाव पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये. टरफलं खाण्याच्या वस्तूची असली तरी तुरटी आणि लोह घातलेलं पाणी खाण्याचं राहत नाही. मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, सुरेख हिरवे देतं म्हणून मोहात पडू नका, ते विषारी आहे आणि सांडपाण्यातून माशांना मारतं.

निळा आणि खरा लाल स्वयंपाकघरात मिळत नाही. लालासाठी मंजिष्ठेसारखी मुळं लागतात. निळीचं तंत्र तर संपूर्ण वेगळं: नीळ पाण्यात विरघळतच नाही, पाण्यातला प्राणवायू काढून घेऊन आधी तिला विरघळणाऱ्या रूपात आणावं लागतं, मग कापड बाहेर काढल्यावर हवेत ती पुन्हा निळी होते. कुणी लाल कोबीनं निळं कापड केल्याचा फोटो दाखवला तर तो कोणत्या दिवशी काढला ते विचारावं.

हे विचारायची सवय स्वतःलाही लावलेली बरी. रंगवलेल्या प्रत्येक कापडातून चार बोटं रुंदीची पट्टी कापून ठेवावी. तिचा अर्धा भाग पुठ्ठ्याखाली झाकावा, अर्धा उघडा ठेवून ती खिडकीच्या काचेला लावावी आणि मागे तारीख, वजनं, रंगबंधक लिहावं. कापड कारखान्यांतही हेच करतात, फक्त तिथे निळ्या लोकरीच्या १ ते ८ क्रमांकाच्या पट्ट्या शेजारी ठेवून कोण कधी विटलं ते मोजतात. माझ्या खिडकीत तीन पट्ट्या होत्या. हळदीच्या पट्टीवर चौथ्या दिवशीच पुठ्ठ्याची कडा दिसू लागली. बीटच्या पट्टीवर कडा दिसायला पट्टीवर आधी रंग असावा लागतो. कांद्याच्या पट्टीवरची रेघ शोधायला मला तिसऱ्या आठवड्यात चष्मा लावावा लागला.